उभ्या झाडाचा आडवा हिशेब

कोथिंबिरीची जुडी दोनदा झटकून बघणारा, गॅसचं सिलिंडर दारातच काट्यावर चढवायला लावणारा, लग्नाच्या हॉलवाल्याकडून खुर्च्या मोजून घेणारा आणि मोजून परत करणारा मराठी माणूस आयुष्यात एकदा आपल्या जमिनीतले पाच साग विकायला काढतो, आणि त्या दिवशी त्याचा सगळा हिशेबीपणा गळून पडतो. झाडाखाली उभं राहून तो मान वर करतो आणि शेंड्याकडे बघतो. लाकडाचा व्यापारी मान खाली घालून बुंध्याकडे बघतो. लाकूड बुंध्यात असतं. दहा मिनिटांत सौदा उक्त्यात ठरतो, म्हणजे पाची झाडांचे मिळून इतके रुपये, विसार म्हणून दोन-चार नोटा हातात, आणि चहा मालकाकडून. यानंतर वर्षभर मालक भेटेल त्याला सांगत फिरतो की व्यापाऱ्याने आपल्याला फसवलं. माझ्या मते हा व्यापाऱ्यावर अन्याय आहे. फसवायचं तर आधी समोरच्याने काहीतरी विचारावं लागतं. घेर किती, लांबी किती, दर घनफुटाचा की झाडामागे, यातलं एकही ज्याने विचारलं नाही, त्याच्याशी खोटं बोलण्याची कोणाला गरज पडेल? हा माणूस लाकूड विकायला निघतो आणि वाटेत कधीतरी लाकूड फुकट देऊन नुसती कटकट विकून परत येतो. ते कसं घडतं, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात कायद्यापासून करू, कारण विनोद तिथून सुरू होतो. मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 च्या कायद्यात स्थावर मालमत्तेतून तीन गोष्टी वगळल्या आहेत: उभं इमारती लाकूड, उभी पिकं आणि गवत. चाळीस वर्षं तसूभर न हललेला साग असा एका ओळीत जंगम होऊन बसतो. मुंबईत भाड्याची चार घरं बदललेला त्याचा मालक मात्र कागदोपत्री अजून गावचा कायम रहिवासी. पण कायदा इतकाही वेंधळा नाही. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी 1958 च्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका निकालात यातला भेद उलगडून दाखवला. झाड लवकरच तोडून लाकूड म्हणून वापरायचं असेल तर ते इमारती लाकूड. जमिनीतून पोसून पुढेही वाढत ठेवायचं असेल तर ते झाड, आणि झाड स्थावर. म्हणजे परड्यातला साग मालकाच्या मनात विक्रीचा विचार येईपर्यंत स्थावर असतो आणि विचार पक्का झाला की जागच्या जागी जंगम होतो. सागाला याची खबर नसते. मालकाला असायला हवी, कारण त्या क्षणापासून त्याच्याकडे झाड राहिलेलं नसतं, माल असतो. माल जगात सगळीकडे मोजून विकतात. झाड विकताना मात्र मालक ते झाड म्हणून विकतो आणि घेणारा माल म्हणून घेतो, आणि दोन्ही किमतींमधला फरक टेम्पोत बसून निघून जातो.

आता हा माल मोजायचा कसा? लाकडाच्या धंद्यातली रूढ रीत अशी की ओंडक्याच्या मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. 4 फूट घेराचा 12 फुटी ओंडका घेतला तर चौथा हिस्सा 1 फूट, वर्ग 1, लांबी 12, म्हणजे 12 घनफूट. हे गणित पाचवीतल्या मुलाला येतं, आणि म्हणूनच बहुधा मोठी माणसं ते करत नाहीत. त्यातली गंमत वर्गात आहे. घेर 3 फूट असेल तर तेवढ्याच लांबीत पावणेसात घनफूट निघतात, आणि 6 फूट असेल तर 27. घेर दुप्पट, लाकूड चौपट. समजा एका मालकाकडे 6 फुटी घेराचा एक साग, 4 फुटी दोन आणि 3 फुटी दोन आहेत आणि प्रत्येकाचा 12 फुटांचा सरळ ओंडका निघतो. एकूण साडेचौसष्ट घनफूट झाले, आणि त्यातले 27 एकट्या थोरल्या झाडात. म्हणजे एक पंचमांश झाडांमध्ये बेचाळीस टक्के लाकूड आहे. शिवाय जाड सागात पक्का गाभा जास्त आणि वरचं पांढरं लाकूड कमी, त्यामुळे त्याला घनफुटाचा दरही चढा मिळतो. आणि व्यापारी काय म्हणतो? ‘झाडामागे इतके धरू, लहान-मोठं कशाला करता!’ किती समतावादी वाक्य आहे! जातीपाती, वर्णभेद, उच्चनीच हे सगळं मोडून काढून पाची झाडांना एका ओळीत बसवणारं. थोरल्याबद्दल वेगळं विचारलंच, तर तो कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर दोनदा ठोकतो, कान लावतो आणि डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरून मान हलवावी तशी हलवतो. ‘आत पोकळ आहे.’ मालक घाबरून धाकट्या चौघांची काळजी करू लागतो.

बरं, हे चौथाई घेराचं सूत्रही काही धर्मकाट्याचं नव्हे. अठराव्या शतकातल्या एडवर्ड हॉपस या इंग्रज मोजणीदाराने 1736 साली छापलेल्या कोष्टकांमुळे ते पसरलं आणि इंग्रजांबरोबर आपल्या वखारींत आलं. खऱ्या वर्तुळाच्या हिशेबाने 4 फुटी घेराच्या त्या 12 फुटी ओंडक्यात सव्वापंधरा घनफूट लाकूड असतं. सूत्र 12 सांगतं. उरलेले सव्वातीन घनफूट कुठे गेले, तर म्हणे ओंडका चौकोनी कापताना साल आणि कडा वाया जातात, त्याची ही तूट. ही सबब खोटी नाही, पण करवत गिरणीच्या मागच्या बाजूला जाऊन पाहिलं तर वाया गेलेल्या त्या कडांचा व्यवस्थित ढीग लावलेला असतो आणि त्यालाही गिऱ्हाईक असतं. भुशालासुद्धा असतं. या धंद्यात न चिरलेल्या लाकडाला गोल माल म्हटलं, तर ते दोन शब्द सुटे लिहायचे की जोडून, हे ज्याचं त्याने ठरवावं. तरीही माझा या सूत्राला विरोध नाही. सगळा बाजार त्याच मापाने चालतो आणि दरही त्याच मापाचा असतो, तेव्हा एकट्याने वर्तुळाचं क्षेत्रफळ मांडत बसण्यात अर्थ नाही. मुद्दा असा की जिथे मापातच वीस टक्क्यांहून जास्त सूट रीतीने दिलेली आहे, तिथे वर आणखी डोळ्यांच्या अंदाजाची सूट देण्याइतके आपण कोण लागून गेलो? अंदाज किती महाग पडतो, तेही पाहा. 4 फुटांचा घेर कोणी ‘साडेतीन असेल’ म्हटला, तर 12 घनफुटांचे सव्वानऊ होतात. बोलण्यातला अर्धा फूट म्हणजे लाकडातला जवळजवळ चौथा हिस्सा. टेप जरा सैल धरायची की आवळून, साल धरायची की सोडायची, यावर चौकटीचा एक खांब इकडचा तिकडे होतो.

मग माणूस मोजत का नाही? आळस हे उत्तर सोपं आहे, पण पटण्यासारखं नाही. आळशी माणूस झाडं विकायलाच काढणार नाही, ती उभी राहतील तशी राहू देईल. खरं कारण कागद आहे. महाराष्ट्रात खासगी जमिनीतल्या झाडांना 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू होतो आणि त्याच्या यादीत साग, खैर, चंदन, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, ऐन, किंजळ अशी मातब्बर मंडळी आहेत. यांना तोडायचं तर आधी परवानगी हवी आणि तोडल्यावर वाहून न्यायचं तर वाहतुकीचा पास हवा. (यादीतल्या चंदनाचा अनुभव वेगळा आहे. त्याचं गिऱ्हाईक रात्री येतं, स्वतः तोडतं, स्वतः वाहून नेतं आणि मालकाला कसलाच त्रास देत नाही.) जमीन महसूल संहितेचं पंचविसावं कलम सांगतं की खातेदाराच्या जमिनीतली झाडं खातेदाराचीच. पण झाड आपलं असणं आणि झाड आपलं आहे असं कागदाने म्हणणं, यात बरंच अंतर आहे. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसेल, तर वीस पावलांवरून दिसणारा, कावळ्यांच्या तीन पिढ्या अंगावर वाढवलेला साग सरकारी अर्थाने अजून उगवलेलाच नसतो. 2021 पासून ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरची झाडं शेतकऱ्याने स्वतः नोंदवायची सोय झाली आहे, ती बहुतेकांना विक्रीच्या आठवड्यात आठवते. बांधावरचं झाड म्हटलं की बांध कोणाचा हा प्रश्न आला, आणि बांध कोणाचा या प्रश्नावर कोकणात दोन-दोन पिढ्यांनी वकिलांची मुलं शिकवली आहेत.

याच्याही वर सहहिस्सेदार. सामायिक सातबाऱ्यावर एक वारलेले आजोबा, मुंबईचे दोन काका, दुबईचा एक चुलत भाऊ आणि तीस वर्षांत गावी न आलेली एक आत्या असते. सगळ्यांची संमतीपत्रं लागतात. आत्याला झाड आठवत नसतं, हिस्सा आठवतो. एक काका म्हणतात, विकू नका, भाव वाढेल. दुसरे म्हणतात, ताबडतोब विका, कायदा बदलेल. दुबईचा भाऊ व्हिडिओ कॉलवर झाड बघायला मागतो आणि भलत्याच झाडाकडे बोट दाखवून ‘हे आपण लहानपणी लावलेलं’ म्हणतो. महिनाभर हे चालल्यावर मालकाची अशी अवस्था होते की कोणी ती झाडं फुकट नेली तरी तो आभार मानेल. नेमक्या त्या संध्याकाळी व्यापारी पडवीत टेकतो आणि म्हणतो, ‘कागदाचं मी बघतो.’ एवढं ऐकलं की मालकाच्या डोळ्यांसमोरून घनफूट, घेर, लांबी सगळं विरघळून जातं. सौदा लाकडाचा ठरल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात व्यापाऱ्याने सुटका विकलेली असते आणि मालकाने ती लाकूड देऊन विकत घेतलेली असते. उक्त्या सौद्याची खुबीच ही की लाकडाची किंमत आणि कटकटीची किंमत एकाच आकड्यात मिसळतात. दूध आणि पाणी वेगळं करायला राजहंस लागतो, इथे एक प्रश्न पुरतो: ‘कागद, तोड आणि वाहतूक तुमची, त्याचे किती कापता? आणि लाकडाचे घनफुटाला किती देता?’ आकडे दोन झाले की तुलना करता येते. एक आकडा असतो तेव्हा फक्त मान डोलावता येते. आणि कागद व्यापाऱ्याने बघितले तरी अर्जावर सही मालकाची असते, हेही त्या गोड वाक्याच्या नादात विसरायला होतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो कायद्यावर. माझ्या जमिनीतलं माझं झाड, त्यात सरकारची लुडबुड कशाला? हा कायदाच नसता तर व्यापाऱ्याला कटकट विकताच आली नसती. आक्षेपात तथ्य आहे आणि कधीकधी सरकारलाही ते पटतं. 1927 च्या वन कायद्यात बांबू हे झाड होतं. 2017 मध्ये दुरुस्ती होऊन ते त्या व्याख्येतून निघालं, म्हणजे वनस्पतिशास्त्र ज्याला गवत म्हणत आलं ते शासनदरबारीही झाड राहिलं नाही. पण लुडबुड इंग्रजांपासून सुरू झाली असं म्हणता येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचं प्रकरण आहे. आंबा-फणसाची लाकडं जहाजाला उपयोगी असली तरी त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती वर्षानुवर्षं पोरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन, मगच तोडावं, असा त्याचा रोख आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राजाच्या आरमारालाही झाडासाठी मालकाची संमती आणि योग्य किंमत द्यायला सांगणारा हा मुलूख आहे. त्याच मुलखात आज मालक स्वतःच किंमत न विचारता संमती देऊन मोकळा होतो.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्याच्या बाजूने येतो आणि तो जास्त वजनदार आहे. जोखीम त्याची असते. थोरला बुंधा खरोखरच पोकळ निघू शकतो. झाड पडताना शेजाऱ्याच्या हापूस कलमावर पडलं तर सागाचा सगळा नफा आंब्यात जातो. परवानगीला किती दिवस लागतील याचा नेम नाही आणि तोवर विसाराचे पैसे अडकतात. हे सगळं मान्य. जोखीम घेणाऱ्याने तिचे पैसे घ्यावेत. पण पोकळीच्या जोखमीवर उपाय सरळ आहे: घनफुटाचा दर आज ठरवायचा आणि माप झाड आडवं झाल्यावर, ओंडके पाडल्यावर घ्यायचं. पोकळ निघालं तर दोघांच्या डोळ्यांसमोर निघेल. सरकार स्वतः दुसरं काय करतं? बल्लारपूरच्या आगारात चंद्रपूर-गडचिरोलीचा साग ओंडक्यागणिक क्रमांक घालून, लांबी आणि घेर लिहून, थप्प्या लावून लिलावात निघतो. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी साग गेला तो याच बल्लारपूरहून. एवढं जंगल हाताशी असलेलं खातं एकेक ओंडका मोजून विकतं आणि पाच झाडांचा धनी म्हणतो, ‘जाऊ दे, काय मोजायचं!’ यावर व्यापारी एक शेवटचं हत्यार काढतो: तोडलेलं लाकूड पडून राहिलं तर खराब होतं, लगेच उचलायला हवं, मापात वेळ घालवू नका. पांढऱ्या लाकडाला कीड लागते हे खरं आहे. पण मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाचं बांधलेलं ट्रिंकोमाली नावाचं जहाज 1817 साली पाण्यात उतरलं, ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. दोनशेहून जास्त वर्षं खाऱ्या पाण्यात टिकणारं लाकूड परड्यात रविवारपर्यंत थांबायला हरकत नसावी.

तिसरा आक्षेप कोणी तोंडाने बोलत नाही, पण तोच सर्वांत पक्का असतो. व्यापारी ओळखीचा असतो. त्याचे वडील आपल्या वडिलांकडे यायचे. त्याच्यासमोर टेप काढायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, आणि वर ते झाड आजोबांनी लावलेलं, त्याला टेप लावणं बरं दिसत नाही. याचं उत्तर सराफाच्या दुकानात आहे. तिथलेही वडील आपल्या वडिलांना ओळखत असतात, आणि मोडायला काढलेली पाटली आजीची असते. तरीही ती काट्यावर जाते, मिलिग्रॅमपर्यंत आकडा येतो, घट धरली जाते, आणि दोघांपैकी कोणालाही आपला अपमान झालासा वाटत नाही. मुद्दाम काटा न लावता ‘पाटल्या आहेत चार, देऊन टाका काहीतरी’ असं कोणी म्हटलं, तर सराफच घाबरून घरी फोन करेल. आजीच्या पाटलीचा काट्याने मान जातो असं नाही, तर आजोबांच्या सागाचा टेपने कसा जाईल? भावना एवढीच तीव्र असेल तर झाड तोडू नये, हे उत्तम. तोडायचं तर ठरवलं, पैसेही हवेत, आणि मापाच्या वेळी मात्र गहिवर, याला भावना म्हणता येत नाही.

राहिला आक्षेप किरकोळपणाचा: पाच झाडांसाठी कोण एवढा उपद्व्याप करणार? खरं तर पाचच आहेत म्हणूनच करावा. पाचशे असती तर मोजणीला माणसं लावावी लागली असती. अर्ध्या तासाचं काम आहे. उभ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर घ्यायचा आणि वर खोड निमुळतं होतं त्याची वजावट धरायची. उंचीसाठी काठी आणि सावली पुरते: काठीची सावली काठीच्या जितक्या पट, झाडाची सावली झाडाच्या तितक्याच पट. दहावीच्या भूमितीतलं समरूपतेचं प्रकरण कशासाठी शिकवलं, असं विचारत ज्यांचा जन्म गेला, त्यांना उत्तर सापडायची हीच संधी आहे. हा अंदाज अचूक नसेल, पण समोरच्याचा आकडा ऐकून हसायचं की रडायचं, एवढं कळायला पुरेसा आहे. किरकोळपणाची खरी अडचण वेगळी आहे आणि ती मी नाकारत नाही. टेम्पो अर्धा भरला तरी भाडं पूर्ण, पास दोन ओंडक्यांचा असो की वीस, खेटे तेवढेच. थोडं लाकूड विकणाऱ्याला घनफुटाचा दर कमी मिळतो, तो काही अंशी यामुळे. यावर उपाय म्हणजे शेजाऱ्याचीही झाडं त्याच वेळी काढून दोघांनी मिळून एक गाडी भरणं. कोकणात हा उपाय सुचवणाऱ्याकडे लोक सहानुभूतीने बघतात, कारण शेजारी म्हणजे तोच तो बांधवाला. पण दर वाढवून मिळतो म्हटल्यावर दिवाणी दाव्यातही तारीख पुढे घेता येते.

तोडलेल्या सागाच्या बुडख्याला फुटवे येतात, आणि नीट राखले तर त्यातला एखादा पुन्हा विकण्याजोगा होतो. तोवर आणखी तीस-चाळीस वर्षं जातात, म्हणजे हा सौदा एका माणसाच्या वाट्याला फार तर दोनदा येतो आणि व्यापाऱ्याच्या वाट्याला आठवड्यातून दोनदा. तेव्हा निदान टेप तरी घेऊन जा. घरातली शिलाईची टेप चालेल, फक्त ती पाच फुटांची असते. थोरल्या झाडाला पुरणार नाही, त्याच्यासाठी सुतळी न्या.